सोलापूरच्या उन्हात मातीविना रानतुळस: कटिंगपासून तेलाच्या बाटलीपर्यंत

सोलापुरात हायड्रोपोनिक्सवर, म्हणजे मातीविना, सुगंधी वनस्पती लावायची तर दोन गोष्टींशी गाठ असते: बोअरचं जड पाणी आणि एप्रिल-मेचं ऊन. ऊन सांभाळून वापरलं तर तेलाला ते पोषकच आहे. पाण्याशी मात्र काटेकोर हिशेबानेच वागावं लागतं, आणि बहुतेक प्रयोग तिथेच फसतात.

आधी एक गोष्ट मान्य करू. किलोकिलोने स्वस्त तेल काढायचं असेल तर ही पद्धत घेऊ नये. गवती चहा किंवा रोशा गवत मुरमाड माळावर दोन पावसांत तगून राहतं. त्याला बादली, पंप आणि विद्राव्य खतं देण्यात पैसे वाया जातात. मातीविना शेती परवडते ती जिथे एकाच वासाचं, एकाच गुणाचं, धूळमाती नसलेलं थोडं तेल हवं असतं तिथे. म्हणून इथे रानतुळस धरली आहे, शास्त्रीय नाव ऑसिमम ग्रॅटिसिमम.

झाड ओळखून घ्या

रानतुळस या नावाखाली आपल्याकडे दोन वेगळी झुडपं खपतात. पावसाळ्यानंतर रस्त्याकडेला आणि पडीक रानात माजतं, चिकट केसाळ खोडाचं, निळसर जांभळ्या बारीक फुलांचं, ते हिप्टिस. ते नको. आपल्याला हवं ते पुरुषभर वाढणारं, बुडाशी लाकूड धरणारं झुडूप. पानं मोठी, लांब देठाची, कडेला करवतीसारखी; मंजिरी उभी आणि फुलं फिकट, पिवळट हिरवी. पान चुरगळलं की लवंगेचा वास आला पाहिजे. तो वास युजेनॉलचा. याच जातीची काही झाडं ओव्यासारखा वास देतात, कारण त्यांच्यात थायमॉल जास्त असतं. ती वाईट नसतात, पण लवंगी झाडांत मिसळली की तेल ना धड इकडचं ना तिकडचं होतं. पंढरपूरच्या माळांची तुळस ही तिसरीच जात; तिच्याशी गल्लत नको.

म्हणूनच बियाणं टाळावं. बियांपासून आलेल्या रोपांत वास वेगवेगळा निघतो. बांधावर किंवा परसात लवंगी वासाची चार-पाच झाडं हेरा, मालकाला विचारा आणि फक्त फांद्या घ्या. झाड मुळासकट उपटू नका; वनखात्याच्या जमिनीतून तर परवानगीशिवाय काहीच उचलू नका. प्रत्येक मातृवृक्षाला क्रमांक द्या आणि त्याची कटिंग वेगळी ठेवा. पुढे तेल तपासल्यावर कोणतं झाड ठेवायचं ते या क्रमांकांवरच ठरतं.

कटिंग १० ते १२ सेंटिमीटरची, चार पेरांची, फूल न आलेल्या फांदीची. खालच्या दोन पेरांची पानं काढा, वरची मोठी पानं अर्धी कापा, बुडाला मूळ फुटण्याची पावडर लावा आणि ५० खळग्यांच्या प्रो-ट्रेमध्ये ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, रोवा. सावली, वर प्लॅस्टिकची कमान आणि दिवसातून दोन-तीनदा फवारा एवढं दिलं की दोन ते तीन आठवड्यांत मुळं खळग्याबाहेर डोकावतात. जून अखेर ते जुलै किंवा सप्टेंबर हा काळ उत्तम. एप्रिल-मेत कटिंग लावण्याचा हट्ट करू नये; पानं मुळांआधी सुकतात.

बाकीच्या झाडांबद्दल थोडक्यात. मरवा फक्त ऑक्टोबर ते फेब्रुवारीपर्यंत साथ देतो. दवणा, जो ज्योतिबाला वाहतात, तोही थंडीचाच. नोव्हेंबरात पेरून उन्हाळ्यापूर्वी काढायचा. पाच (पॅचौली) या झाडाला दमट हवा लागते, आपल्या कोरड्या वाऱ्यात ते रडतं. वाळ्याची मुळं पाण्यात सुरेख, स्वच्छ वाढतात, पण कोवळ्या मुळात तेल कमी असतं, ते भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि मुळांतल्या जिवाणूंचाही त्या तेलात वाटा असतो. निर्जंतुक, झटपट वाळा लावून भरपूर तेलाची आशा धरू नये.

आकार भट्टीवरून ठरवा

उलटं गणित करा. १०० लिटरच्या भट्टीत (वाफेवर तेल काढायच्या भांड्यात) साधारण १५ ते २० किलो ताजा पाला बसतो. बादलीतलं एक चांगलं झाड एका छाटणीला ७५० ग्रॅम ते एक किलो पाला देतं. म्हणजे २० झाडं म्हणजे एक भट्टी. अशा तीन तुकड्या, एकूण ६० झाडं, एकेका आठवड्याच्या अंतराने छाटल्या की भट्टी आणि माणूस दोघांनाही काम झेपतं. एका चौरस मीटरला दोन झाडं धरली तर ३० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा लागतो. १०० किलो ताज्या पाल्यातून २०० ते ४०० ग्रॅम तेल निघतं असं धरून चाला. वर्षाला चार छाटण्या मिळाल्या तर हाती साधारण ३६० ते ९६० ग्रॅम येतील. हा आकडा आधी कागदावर लिहा, गिऱ्हाईक कोण ते ठरवा, मगच बादल्या घ्या.

बादली, पाइप नव्हे

भाजीवाले लोक सपाट पाइपांतून पातळ प्रवाह सोडतात. रानतुळशीला ते चालत नाही. तिची मुळं वर्षभरात पाइप बुजवतात, आणि मे महिन्यात वीज तासभर गेली तर झाडं माना टाकतात. १५ लिटरची बादली, तळाशी दोन इंचांवर निचऱ्याचं भोक आणि आत १२ लिटर माध्यम असं ठेवलं तर थंडीत दिवसभर आणि उन्हाळ्यात निदान काही तास झाड निभावतं. बादली बाहेरून पांढरी हवी. काळी बादली दुपारच्या उन्हात इतकी तापते की उन्हाकडच्या बाजूची मुळं भाजून निघतात. बादलीत उजेड शिरला तर शेवाळं धरतं, म्हणून पातळ पांढरीऐवजी आतून काळी, बाहेरून पांढरी घ्या किंवा काळीला चुना मारा.

माध्यम ७० टक्के कोकोपीट, ३० टक्के परलाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे) किंवा बारीक धुतलेली काळ्या दगडाची खडी. ६० बादल्यांना ७२० लिटर लागतं, त्यात कोकोपीट सुमारे ५०० लिटर. कोकोपीटची पाच किलोची वीट फुगून ७० ते ७५ लिटर होते, म्हणजे सात विटा. खडी घेताना तिच्यावर लिंबू पिळून बघा. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, ती पाण्याचा सामू (पीएच) कायम वर ओढत राहील. आपल्या भागातल्या मुरमात हे हमखास असतं, म्हणून मुरूम वापरूच नये.

कोकोपीट आधी गोड्या पाण्याने तीन-चारदा धुवा. मग प्रत्येक विटेला ४० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून २४ तास भिजवा आणि पुन्हा धुवा. काथ्याला चिकटलेलं सोडियम आणि पोटॅश त्यामुळे सुटतं. हे टाळलं तर पहिल्या महिन्यात कोवळी पानं वाकडी होतात आणि माणूस रोग शोधत बसतो.

पाणी आणि खतं

माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत बोअरचं पाणी द्या आणि ईसी (पाण्यातल्या एकूण क्षारांचं मोजमाप), सामू, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड एवढं सगळं मागा. नुसत्या टीडीएस पेनावर भागत नाही. ईसी ०.७ च्या आत असेल तर नशीब. सोडियम लिटरला ७० मिलिग्रॅमच्या वर असेल तर कोणतंही खत ते दुरुस्त करत नाही. पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळणं हाच मार्ग. सोलापूरला वर्षाला सरासरी साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरच्या पत्र्यावरून, गळती-उडती २० टक्के सोडली तरी, ४४ हजार लिटर पाणी मिळतं. ६० झाडांचं निम्म्याहून जास्त काम त्यावर होतं, फक्त साठवायला हौद हवा.

डाळिंब आणि द्राक्षाच्या जिल्ह्यात राहण्याचा फायदा असा की लागणारी सगळी खतं जवळच्या कृषी सेवा केंद्रात मिळतात. वेगळ्या ‘हायड्रोपोनिक’ बाटल्यांना तिप्पट पैसे देऊ नका. गोड्या पाण्यासाठी १००० लिटरचं प्रमाण असं:

अ टाकी: कॅल्शियम नायट्रेट ६५० ग्रॅम, चिलेटेड लोह (ईडीडीएचए, ६ टक्के) ४० ग्रॅम.
ब टाकी: पोटॅशियम नायट्रेट (१३:०:४५) ३०० ग्रॅम, ०:५२:३४ १७० ग्रॅम, पोटॅशियम सल्फेट (०:०:५०) १०० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४०० ग्रॅम, आणि सूक्ष्म द्रावण १०० मिली.

सूक्ष्म द्रावण एक लिटर पाण्यात: मॅंगनीज सल्फेट १७ ग्रॅम, झिंक सल्फेट (२१ टक्के) १२ ग्रॅम, बोरिक ॲसिड २३ ग्रॅम, मोरचूद २ ग्रॅम, सोडियम मॉलिब्डेट १.२ ग्रॅम. ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा इथे लागतोच.

अ आणि ब प्रत्येकी १० लिटर पाण्यात विरघळवा. वापरताना एक लिटर पाण्याला १० मिली अ, नीट ढवळून मग १० मिली ब. दोन्ही दाट द्रावणं एकत्र ओतली तर दुधासारखा पांढरा साका बसतो. तो जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट असतो, परत विरघळत नाही आणि ड्रिपर बंद करतो. तयार पाण्याचा ईसी, मूळ पाण्याचा सोडून, १.५ च्या आसपास येतो. नव्या रोपांना निम्मं द्या. मे महिन्यात झाड खतापेक्षा पाणी जास्त पितं, तेव्हा १.२ वर या, थंडीत १.८ पर्यंत चालतं. सामू ५.८ ते ६.२.

जड पाणी असेल तर हेच प्रमाण आंधळेपणाने टाकू नका. समजा बायकार्बोनेट लिटरला ४०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम १०० आहे. बायकार्बोनेट ६० पर्यंत आणायला १००० लिटरला ६८ टक्क्यांचं नायट्रिक ॲसिड सुमारे ३६० मिली लागतं. त्यातून ७८ ग्रॅम नत्र येतं, म्हणजे ५०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटमधल्या इतकंच. कॅल्शियम पाण्यात आहेच. तेव्हा कॅल्शियम नायट्रेट ६५० वरून १५० ग्रॅमवर आणा. नत्रही जुळतं, कॅल्शियमही. पाण्यातल्या मॅग्नेशियमचा हिशेब करून मॅग्नेशियम सल्फेटही तसंच कमी करा. हेच काम फॉस्फोरिक ॲसिडने केलं तर स्फुरद गरजेच्या चौपटीहून जास्त होतो आणि लोह व जस्त अडकून बसतं. ॲसिड हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, आणि कायम पाण्यात ॲसिड बारीक धारेने ओता. ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. कॅन कुलूपबंद ठेवा. सगळं एकदम न ओतता दोन-तृतीयांश ओतून सामू मोजा आणि पुढे थोडं थोडं वाढवा.

उन्हाळा

द्रावण २८ अंशांच्या आत ठेवायचं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांत ७ च्या आसपास, आणि त्याच वेळी तापलेली मुळं जास्त मागतात. पिथियम नावाची मूळकूज याच संधीची वाट बघत असते. तयार द्रावणाची ५०० लिटरची टाकी जमिनीत गळ्यापर्यंत पुरा, वर सावली करा, बादल्यांचा निचरा टाकीत आणणारा परतीचा पाइप उघड्यावर ठेवू नका. टाकीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर आपल्या कोरड्या हवेत त्याचा गुण चांगला येतो. पावसाळ्यात तेच निरुपयोगी.

शेडनेट पांढरी, ३५ टक्क्यांची, आणि तीही मार्च ते मेपर्यंतच. ५० किंवा ७५ टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली पानं मोठी, मऊ, देखणी होतात आणि तेल घटतं. याची खात्री दहापट भिंगाने करता येते. पान उलटं करून उजेडाकडे धरा: शिरांच्या मधल्या जागेत पिवळसर चमकणारे टिपके दिसतात, मोहरीच्या कणाहून कितीतरी बारीक. तेल त्या ग्रंथींत असतं. उन्हातल्या पानावर ते दाटीने दिसतात, सावलीतल्या पानावर विरळ.

बादलीला चार लिटर ताशी क्षमतेचे दोन ड्रिपर लावा. तीन मिनिटांत ४०० मिली पाणी पडतं. थंडीत अशा तीन-चार पाळ्या पुरतात, मेमध्ये आठ लागतात. पहिली सूर्योदयानंतर तासाने, शेवटची सूर्यास्ताच्या दोन तास आधी. अर्ध्या एचपीचा पंप आणि १२० मेशचा डिस्क फिल्टर पुरे. रोज एका बादलीचा निचरा मोजा: दिलेल्यापैकी २० टक्के बाहेर यायला हवं. निचऱ्याचा ईसी २.५ च्या वर गेला तर एक दिवस निम्म्या ताकदीचं पाणी भरपूर सोडून माध्यम धुऊन काढा. टाकी दर दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण रिकामी करा. झाडाने न उचललेलं सोडियम आणि क्लोराइड तिथे साठत जातं. ते पाणी नारळाला द्या.

काय बिघडतं

शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी नसतं, बहुतेक वेळा सामू ६.८ च्या वर गेलेला असतो. आधी सामू खाली आणा. जुनी पानं शिरांमध्ये पिवळी पडली तर मॅग्नेशियम. दुपारी मान टाकून संध्याकाळीही न सावरणारं झाड दिसलं की बादलीत बोट घाला: मूळ तपकिरी, बुळबुळीत आणि साल ओढल्यावर आतला दोरा उरणारं असेल तर मूळकूज. ते झाड लगेच बाहेर काढा, परतीच्या पाण्यात रोग फिरायला वेळ लागत नाही.

मार्चपासून लाल कोळी येतो. पानांच्या खालून पाण्याची जोरदार धार, तीही सकाळी, हा पहिला उपाय. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, पिठ्या ढेकणाला साबणाचं पाणी. आंतरप्रवाही कीटकनाशकाच्या वाटेला जाऊ नका. पाल्याचं तेल केलं की त्याच्याबरोबर अवशेषही दाट होऊ शकतात. निंबोळी तेलाचाही वास राहतो, म्हणून छाटणीच्या तीन आठवडे आधी ते बंद.

छाटणी

लागवडीनंतर साडेतीन-चार महिन्यांनी, मंजिऱ्या पूर्ण फुलल्या की पहिली छाटणी. पुढे दर अडीच-तीन महिन्यांनी. बुडापासून २५ ते ३० सेंटिमीटर सोडा आणि त्या बुंध्यावर काही हिरवी पानं राहू द्या. उघडं लाकूड ठेवलं तर बरीच झाडं फुटत नाहीत. आधीचा आठवडाभर पाणी पाव हिश्शाने कमी केलं तर पाल्यातलं तेलाचं प्रमाण वाढतं. पण पानगळ सुरू होईल इतकं तोडू नका: टक्का वाढून झाडामागचे ग्रॅम घटले तर कमावलं काहीच नाही. वहीत टक्क्यांसोबत दर झाडी ग्रॅम लिहा.

दव उडाल्यावर, दहाच्या सुमारास कापा. पेन्सिलपेक्षा जाड काड्या काढून टाका, त्या नुसती जागा खातात. पाला सावलीत चार-सहा तास पातळ पसरा. ढीग घातला की आत तापतो आणि वास आंबूस होतो.

भट्टी

भांडं, नळी, कंडेन्सर सगळं स्टेनलेस स्टीलचं. युजेनॉल लोखंडाला लागला की तेल काळपट पडतं. रबरी वॉशर तर तेलात मऊ होऊन वास सोडतं. टेफ्लॉनचं लावा, किंवा झाकणाच्या फटीला घट्ट कणकेचा लेप द्या, तो वाफ उत्तम धरतो. पाला जाळीवर, पाण्यापासून वर. कडेकडेने हाताने दाबून भरा. तिथे पोकळी राहिली तर वाफ तिथूनच निसटते आणि मधला पाला कोरा राहतो.

एक लिटर अर्क (वाफ थंड होऊन पडणारं तेल-पाणी) थंड करायला, कंडेन्सरचं पाणी २० अंशांनी तापू दिलं तरी, ३० लिटर पाणी फिरवावं लागतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी कामाचं नाही. भट्टी पहाटे लावा आणि हौदाचं पाणी फिरवा. ताशी पाच लिटर अर्क या गतीने दोन ते अडीच तास चालवा. सुरुवातीला हलके घटक येतात, युजेनॉल मागून येतो. तासाभरात आच बंद केली तर वास छान वाटतो, पण ज्यासाठी झाड लावलं ते चोथ्यातच राहतं.

आता खरा पेच. युजेनॉल पाण्यापेक्षा जड, बाकीचे घटक हलके, त्यामुळे हे तेल ना नीट तरंगतं ना बुडतं. अर्क दुधाळ दिसतो आणि तेलाचे थेंब मध्येच लोंबकळतात. अर्क ४० अंशांच्या आसपास कोमट येऊ द्या आणि तेल वेगळं करायचं भांडं उंच, अरुंद घ्या. तरी दुधाळ राहिलेला भाग काढून त्यात लिटरला १०० ग्रॅम स्वच्छ मीठ विरघळवा. पाणी जड होतं आणि तेल वर येतं. सगळ्या अर्कात मीठ टाकू नका, कारण बिनमिठाचं सुगंधी जल वेगळं विकता येतं किंवा पुढच्या भट्टीत पाण्याऐवजी घालता येतं. त्यात विरघळलेलं युजेनॉल असतंच.

तेल काचेच्या भांड्यात काढून निर्जल सोडियम सल्फेट घाला, १०० मिलीला पाच ग्रॅम, आणि रात्रभर ठेवा. खडे गोळा होऊन चिकटले तर पाणी अजून आहे, आणखी थोडं घाला. गाळून तपकिरी बाटलीत काठोकाठ भरा, प्लॅस्टिकच्या बाटलीत अजिबात नाही. बाटलीवर तुकडी, मातृवृक्षाचा क्रमांक, छाटणीची तारीख, पाल्याचं वजन आणि तेलाचे ग्रॅम लिहा. निर्भेळ तेल कातडी भाजतं, मोजे घालूनच हाताळा.

पहिल्या छाटणीचं प्रत्येक मातृवृक्षाचं तेल वेगळं काढून १० मिलीचा नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीला पाठवा. कनौजचं सुगंध आणि सुरस विकास केंद्र किंवा लखनौची सीमॅप (केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था) ही त्यासाठी माहीतगार ठिकाणं. नमुन्याची रीत आणि दर आधी विचारून घ्या. अहवाल आला की युजेनॉलचा टक्का आणि दर झाडी ग्रॅम यांचा गुणाकार करा, वरच्या दोन मातृवृक्षांची नवी कटिंग लावा, आणि बाकीच्यांच्या बादल्या पुढच्या सप्टेंबरात रिकाम्या करा.